चाळीस टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे

एसटीच्या सवलतींच्या तक्त्यात डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला साध्या गाडीचा प्रवास मोफत आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत त्याच रुग्णाला जागा नाही. ही विसंगती राज्यभराची असली तरी बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात ती जास्त टोचते. तालुक्याचा दक्षिणेकडचा, पातुर्ड्याच्या बाजूचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. बोअरला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. वान धरणावरून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना झाली, तरी त्याआधी वर्षानुवर्षे लोक जे पाणी प्याले ते प्यालेच. ‘किडनीचा पेशंट’ हा शब्द इथल्या गावांत बीपी-शुगरइतका रुळलेला आहे. आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राला जोडून घ्यावे लागणारा हा माणूस शेतात जाऊ शकत नाही, मजुरीला जाऊ शकत नाही, आणि तहसीलच्या खिडकीवर त्याला पहिला प्रश्न येतो, “सर्टिफिकेट आहे काय? टक्के किती?” त्याच्याकडे फायलींचा गठ्ठा असतो, टक्के नसतात.

दिव्यांगांसाठीच्या सरकारी योजनांची माहिती द्यायची झाली की साधारणपणे त्यांची यादी दिली जाते. ती यादी कोणत्याही सेतू केंद्राच्या भिंतीवर मिळेल. मला जास्त महत्त्वाची वाटते ती या योजनांच्या दारावर लावलेली मापे: एकवीस प्रकार, चाळीस टक्के, पन्नास हजार रुपये, पंधरा वर्षे. ही मापे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या खात्यांनी आपापल्या सोयीने ठरवली. ती सगळी एकाच माणसाच्या अंगाला लावून पाहिली की कोण आत येतो आणि कोण बाहेर राहतो, हे नीट दिसते.

पहिले माप कायद्याचे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर २००७ मध्ये शिक्कामोर्तब केले, त्याला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातांचे एकवीस झाले. अंधत्व, कर्णबधिरता, अस्थिव्यंग, कुष्ठमुक्त, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार हे जुने होतेच. त्यांत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बुटकेपणा, स्नायूंचा ऱ्हास, पार्किन्सन, शिकण्यातील विशिष्ट अडचणी, अॅसिड हल्ल्यातील पीडित अशांची भर पडली. रक्ताचे तीन विकारही आले: थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल. यातला सिकलसेल संग्रामपूरच्या उत्तरेला, सोनाळा-टुनकीच्या वर अंबाबरव्याच्या जंगलाकडे असलेल्या आदिवासी गावांसाठी महत्त्वाचा. मात्र इथे एक बारीक फरक आहे आणि तो तपासणीच्या कॅम्पमध्ये कोणी धड समजावून सांगत नाही. रक्ततपासणीत ‘एएस’ आला तर तो माणूस फक्त वाहक असतो, त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. ‘एसएस’ आला तरच तो कायद्याने दिव्यांग ठरू शकतो. दोघांच्या हातात दिसायला सारखीच चिठ्ठी पडते आणि एकाला मिळाले, दुसऱ्याला का नाही, यावर गावात वर्षभर चर्चा चालते.

कायद्याची व्याख्या वाचायला फार चांगली आहे. शरीरातील उणीव आणि समाजातील अडथळे यांच्या टकरीतून माणसाचा सहभाग खुंटतो, तेव्हा तो दिव्यांग, असा तिचा आशय. प्रत्यक्षात मोजमाप होते ते फक्त पहिल्या निम्म्या भागाचे. डॉक्टर गुडघा किती वाकतो ते मोजतात. घरापासून डांबरी रस्ता किती लांब आहे ते कोणी मोजत नाही. त्यामुळे पुण्यात लिफ्टच्या इमारतीत राहणारा आणि सातपुड्याच्या पायथ्याला नाला ओलांडून शाळेत जाणारा, दोघांचे टक्के एकच निघतात.

आता टक्क्यांकडे. चाळीस हा आकडा सगळीकडे भेटतो. चाळीस किंवा त्याहून जास्त असेल तर कायद्याच्या भाषेत ‘लक्षणीय दिव्यांगत्व’, आणि बहुतेक लाभ तिथून सुरू होतात. वैश्विक ओळखपत्रावर, म्हणजे लोक ज्याला यूडीआयडी म्हणतात त्यावर, चाळीसच्या खाली पांढरा पट्टा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा आणि ऐंशीपासून पुढे निळा असतो. पांढऱ्या पट्ट्याचे कार्ड घेऊन तहसीलला गेलेल्या माणसाची फेरी फुकट जाते, हे त्याला कार्ड देतानाच सांगायला हवे.

केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठीक असला तर ३० टक्के. म्हणजे पराटीच्या काडीने किंवा हरभरा काढताना उडालेल्या खड्याने एक डोळा गमावलेला मजूर संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला पात्र नाही. तो हट्टाने फिरत राहतो, एजंटाला पैसे देतो, आणि शेवटी हाती पांढरा पट्टा येतो. त्याच माणसाच्या घरात कोणाच्या नावे सातबारा असेल तर दुसरी एक वाट आहे: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. शेतकरी कुटुंबातल्या व्यक्तीचा अपघातात एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर एक लाख, दोन्ही गेले किंवा मृत्यू झाला तर दोन लाख. अर्ज तालुका कृषी कार्यालयात करायचा, आणि तोही अपघातानंतर ३० दिवसांत. दवाखान्याच्या गडबडीत महिना कधी उलटतो ते कळत नाही. भूमिहीन मजुराला ही वाटही नाही. थ्रेशरवर सगळ्यात जास्त वेळ तोच उभा असतो, हे कृषी खात्याला ठाऊक नसावे असे मानणे अवघड आहे.

उलट बाजूला असे अनेक आहेत की जे पात्र असूनही स्वतःला अपात्र समजतात. एका पायाला ३० टक्के आणि कानाला ३० टक्के, अशी दोन छोटी व्यंगे असलेला माणूस प्रत्येक ठिकाणी चाळीसच्या खाली पडतो. पण एकापेक्षा जास्त व्यंगे असतील तर ती एकत्र मोजायचे सूत्र ठरलेले आहे. मोठा आकडा घ्यायचा. नव्वदमधून तो वजा करून उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचे, नव्वदने भागायचे आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. आपल्या उदाहरणात तीस अधिक वीस, म्हणजे पन्नास टक्के. हा माणूस थेट पिवळ्या पट्ट्यात जातो. अट एवढीच की त्याने पायाबरोबर कानाचीही तपासणी मागितली पाहिजे. अर्जात फक्त अस्थिव्यंग लिहिले तर हाडांचे डॉक्टर कानाकडे बघत नाहीत. त्यात त्यांचाही दोष नाही. वय झालेल्या माणसांत हे फार दिसते. गुडघे गेलेले, ऐकू कमी येते, मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट जमलेले नाही, आणि अर्जात लिहिलेला असतो फक्त गुडघा. घरच्यांनी अर्ज भरण्याआधी त्या माणसाला नखशिखांत बघावे, एवढाच सल्ला मी देईन.

हे प्रमाणपत्र मिळवण्याची वाट आता स्वावलंबन पोर्टलवरून जाते. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र याच पोर्टलवरून देणे देशभर सक्तीचे झाले. त्याआधी महाराष्ट्रात वेगळ्या संगणकप्रणालीवर प्रमाणपत्रे निघत होती. ती असलेल्यांनाही नव्यात यावे लागले. अर्ज ऑनलाइन भरला तरी अंग दाखवायला जावेच लागते, आणि इथे संग्रामपूरचा भूगोल आडवा येतो. जिल्ह्याच्या नकाशात तालुका अगदी वरच्या कोपऱ्यात, वर मध्य प्रदेशची हद्द, उजवीकडे अकोला जिल्हा. जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा हे जळगाव जामोद, नांदुरा, मोताळा आणि राजूर घाट ओलांडून शंभराच्या घरात किलोमीटरवर. रेल्वे तालुक्यात नाहीच. जवळचे स्टेशन शेगाव. पाय नसलेल्या माणसाला पाय नसल्याचा दाखला आणायला गाड्या बदलत एवढे जावे लागते. सोबत कोणीतरी लागतेच, म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडाली. वैद्यकीय बोर्डाचे वार ठरलेले असतात, त्या दिवशी नेमके हवे ते तज्ज्ञ रजेवर असले तर पुन्हा तेच. हाड आणि डोळ्याचे डॉक्टर तरी उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत भेटतात. मानसोपचारतज्ज्ञ आणि लहान मुलांच्या श्रवणचाचणीची सोय यांसाठी मोठ्या रुग्णालयाशिवाय इलाज नाही.

नियमांत मात्र एक दार आहे, ज्याचा उपयोग या भागात कमी होतो. प्रमाणपत्रासाठी अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात त्या व्यंगावर उपचार झाले वा चालू आहेत तिथे. संग्रामपूरचे लोक गंभीर आजाराला पूर्वापार अकोल्याला जातात. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांना बुलढाण्यापेक्षा सोयीचे. ज्यांची केसच अकोल्याची आहे त्यांनी तिथल्या उपचाराचे कागद जोडून तिथेच प्रमाणपत्र मागणे नियमाला धरून आहे. “तुमचा जिल्हा बुलढाणा, तिकडे जा” असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे. बुलढाण्यालाही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे तज्ज्ञ भरले गेले तर तारखा थोड्या अलीकडे येतील.

प्रमाणपत्र किती दिवसांत मिळावे यालाही मुदत आहे. २०१७ च्या नियमांत ती एक महिना होती, २०२४ च्या दुरुस्तीने तीन महिने झाली. सुधारणा म्हणून मुदत वाढवणे हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. नाकारले तर कारणासह लेखी द्यावे लागते, आणि कायद्याच्या ५९ व्या कलमाखाली अपील करता येते. टक्के कमी दिले गेले असे वाटणारे बहुतेक लोक अपिलाऐवजी पुन्हा नवा अर्ज भरतात किंवा ‘ओळखीचा’ माणूस शोधतात. अपिलाला वकील लागत नाही, साधा कागद लागतो.

समजा प्रमाणपत्र हातात आले, टक्के पुरेसे निघाले. गावात हा क्षण पेढे वाटण्याचा असतो. पण आरोग्य खात्याचे काम इथे संपले, महसूल खात्याचे अजून सुरूही झालेले नाही. दोन्ही खात्यांच्या मध्ये पूल नाही. बुलढाण्याच्या बोर्डाने ऐंशी टक्के लिहिले म्हणून संग्रामपूर तहसीलला आपोआप काही कळत नाही. पोर्टलवर नाव, पत्ता, आधार, टक्के सगळे असताना तोच माणूस तेच कागद पुन्हा छापून नव्या अर्जाला जोडतो.

हा नवा अर्ज संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. १९८० मध्ये, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना ही योजना सुरू झाली, आणि गेली चार दशके विदर्भाच्या खेड्यांत ‘निराधारचा पगार’ या नावाने ती चालते आहे. दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजारी असे अनेक जण तिच्यात आहेत. महिन्याला हजार रुपये मिळत. २०२३ मध्ये त्याचे दीड हजार झाले. सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने फक्त दिव्यांगांसाठी ऑक्टोबरपासून अडीच हजार झाले, आणि पासष्टीनंतरच्या श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांगांनाही तीच वाढ मिळाली. ऐंशी टक्क्यांच्या वरचे, दारिद्र्यरेषेखालचे जे दिव्यांग केंद्राच्या इंदिरा गांधी योजनेत बसतात, त्यांच्या रकमेत दिल्लीचा वाटा तीनशे रुपयांचा. तो २०१२ पासून तीनशेच आहे.

ही वाढ कोणी दिली म्हणून आली नाही. अचलपूरचे बच्चू कडू यांनी या विषयावर वर्षानुवर्षे आंदोलने केली. ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्यात दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते झाले त्यामागेही त्यांचा रेटा होता. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला ते उपोषणाला बसले तेव्हा मागणी महिना सहा हजारांची होती. त्यांच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, अडीच हजारांत त्या उपोषणाचा वाटा आहे हे नाकारता येणार नाही.

पण रकमेपेक्षा मला खटकते ती उत्पन्नाची अट. दिव्यांगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत हवे. इतर निराधारांसाठी तर ही मर्यादा एकवीस हजार. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या एकाच माणसाने या सरकारी दराने वर्षात १६१ दिवस काम केले की कुटुंब पन्नास हजारांच्या पलीकडे जाते. एकवीस हजारांची मर्यादा तर ६८ दिवसांत ओलांडली जाते. म्हणजे सरकारच ज्या कुटुंबाला शंभर दिवसांच्या कामाची हमी देत आले, ते कुटुंब ते काम पूर्ण करून इतर निराधारांच्या मर्यादेत राहू शकत नाही. म्हणून काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. उत्पन्नाचा दाखला मर्यादेत ‘बसवला’ जातो. तलाठ्याला ठाऊक, अर्जदाराला ठाऊक, मंजुरी देणाऱ्या समितीला ठाऊक. खरे उत्पन्न सांगणारा भोळा माणूस तेवढा बाहेर राहतो, आणि आत आलेल्या प्रत्येकाच्या मानेवर चौकशीची टांगती तलवार राहते. पुढेमागे गावात कोणाशी बिनसले की तक्रार करायला तोच दाखला कामी येतो.

याशेजारी लाडकी बहीण ठेवून बघा. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या त्या योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि रक्कम दीड हजार. दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार किंवा जास्त घेणारी बाई तिथे अपात्र. तेव्हा ऑक्टोबर २०२५ पर्यंत चित्र असे होते की दोन्ही पायांनी अधू बाईला बोर्ड, दाखला, समिती अशा सगळ्या पायऱ्या चढून जे दीड हजार मिळत, तेच तिच्या धडधाकट जावेला मोबाइलवर फॉर्म भरून मिळत होते. जावेला मिळू नयेत असे माझे म्हणणे नाही. पण २०१६ च्या कायद्याचे २४ वे कलम सांगते की सामाजिक सुरक्षेच्या सारख्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त रक्कम द्यावी. दीड हजाराच्या हिशेबाने ते १,८७५ होतात. कायदा लागू झाल्यापासून आठ वर्षे निराधार योजनेत दिव्यांगाची आणि इतरांची मूळ रक्कम एकच राहिली. अडीच हजार आल्यावर हे कलम पहिल्यांदा पाळले गेले, तेही त्याचे नाव न घेता.

आकड्यांचा एक तुकडा इथेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली होती, आणि तीही जुन्या, अपुऱ्या प्रकारांनुसार. अडीच हजारांच्या निर्णयाचा फायदा सुमारे पावणेपाच लाखांना. मुले, कमी टक्क्यांचे, नोकरदार, सुखवस्तू असे सगळे वगळले तरी मधली दरी मोठी उरते.

अर्जाच्या वाटेवर आणखी एक अट आहे, राज्यात पंधरा वर्षे वास्तव्याची. शहरात तिचा फारसा त्रास नाही. सातपुड्याच्या कुशीतल्या गावांचे सोयरसंबंध बुऱ्हाणपूरच्या बाजूला आहेत, लेकीसुना दोन्हीकडून येतात-जातात, शाळेचा दाखला एका राज्यात आणि रेशनकार्ड दुसऱ्यात असे होते. हद्दीवरच्या बाईला आपले वास्तव्य सिद्ध करणे अवघड जाते, आणि कोरकू-भिलाला घरांत कागद जपून ठेवण्याची सोय मुळात कमी. प्रमाणपत्र, आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, रहिवासी, उत्पन्न, पासबुक एवढे जमले की अर्ज सेतूतून किंवा थेट तहसीलच्या संजय गांधी विभागात जातो. पोच घ्यावी, तारीख आणि क्रमांकासह. नंतरची सगळी भांडणे त्या पोचेवर चालतात.

मंजुरी तालुका समिती देते. तहसीलदार तिचे सचिव, अध्यक्ष मात्र पालकमंत्र्यांच्या शिफारशीने आलेला अशासकीय माणूस. ही रचना लोकांचा आवाज यावा म्हणून केली गेली, आणि काही ठिकाणी तो येतोही. पण सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात, नव्या नेमायला वेळ लागतो. गावातला पुढारी “तुझे नाव मी लावतो” म्हणतो तेव्हा ते सर्वस्वी खोटे नसते, आणि हीच त्यातली वाईट गोष्ट आहे. कायद्याने पात्र असलेल्या माणसाला उपकाराची भाषा ऐकावी लागते. ‘त्रुटीत निघाला’ म्हणून परत आलेल्या अर्जावर नेमकी कोणती त्रुटी, हे लिहून घेतले तर अर्धे काम होते. तोंडी सांगितलेली त्रुटी दर खेपेला बदलते.

किडनीच्या रुग्णाकडे इथे परत यावे लागते, कारण याच योजनेत त्याला एक फट आहे. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे, अशी एक ओळ लाभार्थ्यांत आहे. मूत्रपिंडाचे नाव तीत नाही, पण ‘यांसारख्या’ हा शब्द आहे. शासकीय डॉक्टरने दुर्धर आजाराचा आणि काम करू न शकण्याचा दाखला दिला, समितीने तो मान्य केला, तर अर्ज बसतो. त्याला मिळतात दीड हजार, अडीच नव्हे, आणि उत्पन्नाची मर्यादा एकवीस हजारांची. अख्ख्या पट्ट्याचा आजार एका शब्दावर आणि समितीच्या मर्जीवर सोडून देण्यापेक्षा राज्य सरकारने खारपाणपट्ट्यातल्या मूत्रपिंड निकामी झालेल्यांसाठी स्पष्ट आदेश काढावा. त्याला दिल्लीचा कायदा बदलावा लागत नाही.

मंजूर झाले, आता पैसे. डिसेंबर २०२४ पासून ते थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येऊ लागले. मधली गळती थांबली हे खरे. पण आधार ज्या खात्याला शेवटी जोडले गेले त्या खात्यात पैसे जातात, पासबुकावरच्या नव्हे. आणि कोणत्या तरी कॅम्पमध्ये उघडलेले विसरलेले खाते तेव्हा जागे होते. बोटांचे ठसे न उमटणारे, बुबुळ न टिपता येणारे, अंथरुणाला खिळलेले अशांचे केवायसी अडते, पगार थांबतो आणि थांबल्याचे कोणी कळवत नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅसिड हल्ल्यातील पीडित आणि अंध याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीची पद्धत बदलण्याचे आदेश दिले. तो निकाल गावातल्या बँक मित्राच्या यंत्रापर्यंत पोचायला वेळ लागेल. तोवर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला विसरू नये, कारण न दिल्यास माणूस कागदावर आधी जातो.

एवढ्या पायऱ्या का, याला अधिकारी एकच उत्तर देतात: बोगस. ते निराधार नाही. २०२४ साली प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या प्रकरणात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांवर प्रश्न उभे राहिले आणि राज्यभर पडताळणीची लाट आली. लबाडीने लाभ घेणाऱ्याला कायद्याच्या ९१ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. तो जरूर लावावा. पण बड्या नोकरीसाठी काढलेल्या कागदाचा संशय सोनाळ्याच्या पोलिओग्रस्त म्हातारीवर काढू नये. ज्या माणसाचा पाय १९७५ साली गेला, त्याची फेरतपासणी करून पाय परत आला का ते पाहण्यात कोणाचेच भले नाही.

बाकीच्या लाभांबद्दल थोडक्यात. एसटीत चाळीस टक्क्यांपुढे ७५ टक्के सवलत, आणि ६५ टक्क्यांपुढे सोबत्यालाही निम्मे तिकीट. रेल्वेचे ओळखपत्र वेगळे काढावे लागते. काठी, श्रवणयंत्र, तीनचाकी यांसाठी केंद्राची १९८१ पासूनची योजना आहे. कानपूरच्या अलिम्कोचे कॅम्प जिल्ह्यात लागतात तेव्हा माप देऊन ठेवावे. शिक्षणात सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत, उच्च शिक्षणात पाच टक्के आणि सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण.

एक गोष्ट मात्र घाईने सोडता येत नाही. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेले मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने सज्ञान होते, आईबापांची सही चालेनाशी होते. बँक खाते अडते, वारसाची जमीन अडते. यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची. आईबापांना याची आठवण बहुधा बापाच्या तेराव्यानंतर होते, जेव्हा काका-चुलते सातबारा घेऊन बसतात.

शेवटचा पैसा गावातच आहे आणि त्याला बुलढाणा लागत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. मोठ्या बाजारपेठेच्या गावात ही रक्कम नजरेत भरते. आदिवासी वस्त्यांत घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाला लाखभर जमली तर पाच हजार. बहुतेक ठिकाणी तेवढेही दिवाळीच्या आधी प्रत्येकी काही शे रुपये असे सारखे वाटून फोटो काढला जातो. पाच हजारांत वाटण्यासारखे फार नाही, पण ग्रामपंचायतीच्या दारात एक उतरण बांधता येते, किंवा गावातल्या सगळ्या दिव्यांगांना एका गाडीने एका दिवशी बोर्डापुढे नेता येते. या दुसऱ्या खर्चाला कोणते शीर्ष लावायचे, असा प्रश्न ग्रामसेवक विचारतील. तो ग्रामसभेत ठराव करून सोडवायचा असतो, आणि ठरावाची नक्कल मागून घ्यायची असते.